पाण्यात बुडवलेला साक्षीदार

मी काँक्रीटचा तुकडा बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या नव्या सभागृहाचं छत ज्या बीमवर उभं होतं, त्याच्या पोटातून मला ड्रिलने कापून काढलं. मला घडवणारा ठेकेदार एक नंबरचा चिकट. सिमेंट घालताना त्याचा हात आखडायचा, पाण्याला मात्र सढळ! माझं अंग पोकळ्यांनी भरलं. वरून छान गिलावा झाला आणि हा बेटा मिशीला पीळ देत हिंडू लागला.

छताचे टेकू काढण्याआधी शाळेने मला प्रयोगशाळेत धाडलं. तिथल्या प्रमुख बाई म्हणजे ठेकेदाराची थोरली वहिनी. त्यामुळे हा निर्धास्त होता.

बाईंनी माझ्या एका टोकाला सेन्सर चिकटवला आणि दुसऱ्या टोकावर छोट्या हातोडीने टोला दिला. टोल्याची लहर भरीव अंगातून सुसाट जाते, पोकळ अंगात रखडते. माझ्यात रखडली. बाईंनी पुन्हा टोला दिला. वेग तेवढाच.

"वहिनी, जरा पाण्यात भिजवून बघा ना," ठेकेदार हळूच म्हणाला.

काय बेरकी माणूस! पोकळ्यांत पाणी भरलं की लहर जोरात पळते, हे त्याला बरोबर ठाऊक. बळ तीळभर वाढत नाही, आकडा तेवढा फुगतो. मला खोटी साक्ष द्यायला लावत होता मेला. माझा नुसता संताप झाला.

आणि बाईंनी मला खरंच बादलीत सोडलं! चांगला भिजल्यावर बाहेर काढून टोला दिला. वेग वाढला. त्यांनी पडदा दिराकडे वळवला.

"घे, झालं पास. सही करते. फक्त टेकू काढताना तू आणि तुझी पोरं छताखाली उभी राहा."

"पोरांना कशाला मध्ये आणता?"

"मग तिथे बसणार आहेत ती कोण?"

तो फणकारला, "घरच्याच माणसाच्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

"देतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरड्या तपासणीवर मला नापास केलं.

छत पाडलं. दिराने वहिनीशी बोलणं टाकलं. मी प्रयोगशाळेमागच्या राडारोड्यात पडून आहे. परवा तो आला आणि मला सणसणीत लाथ घातली. दुखलं त्यालाच, आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

मार बाबा, आणखी मार. पण पुढच्या छताखालीही पोरंच बसणार आहेत. तिथलं सिमेंट तरी खाऊ नकोस.