शिंपीकाकांचा जलप्रलय

रविवारी चर्चमध्ये वाचायला शिंपीकाका नोहाच्या तारवावर कविता लिहायला बसले, आणि घरात पाणी भरू लागलं. पावसाचं कडवं त्यांना इतकं साधलं होतं की पुढे सरकायला मनच होईना. ते त्यातच ओळी वाढवत राहिले. शिवायला आलेले कपडे तरंगू लागले, तेव्हा काकू टेबलावर चढून म्हणाल्या, “अहो, आता तरी नोहाचं कबुतर सोडा जमीन शोधायला.”

“यमक जुळू दे.”

“तोवर मी बुडते.”

काकूंनी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि लिहिलं : देवाला नोहाची आठवण झाली आणि पाणी ओसरलं.

पाणी खरंच ओसरलं. काकांनी ओलं धोतर पिळत ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

“यमक नाही,” ते पुटपुटले, “पण हिला हात लावायची माझी छाती नाही.”