क्रम मोडून विचारलेले प्रश्न

लाल गोल, आत काळा भोंगा, भोंग्यावर तिरकी रेघ.

हात वर, उदात्त. हात खाली, अनुदात्त. हात बाजूला, स्वरित.

मैदागिनच्या चौकात टोटोवाला विचारतोय, “बाबा, उतरना कहाँ है?” मागे बसलेला म्हातारा म्हणतो, “चलते रहो.”

गोरखपूरला बँकेच्या मागच्याच गल्लीत एक खोली मिळतेय. खिडकी पूर्वेला.

पिवळा दिवा दिसल्यावर चालक काय करील? (१) वेग वाढवील (२) भोंगा वाजवील (३) थांबण्याच्या तयारीत राहील.

हे सगळं एकाच घरातलं आहे. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, वेणीमाधव गुरुजींच्या. घरात माणसं तीन. गुरुजी, त्यांची बायको पद्मा आणि मुलगी हिमानी. हिमानी बँकेत क्लार्क होती. आता ती ऑफिसर झाली आहे, गोरखपूरला जाऊन रुजू झाली तर.

तर.

महाराष्ट्रातून येणारे यजमान पूर्वी घाटाजवळच उतरायचे. गुरुजी पायी जायचे, पूजा सांगायचे, पायी परत यायचे. आता यजमान कँटोन्मेंटच्या हॉटेलात उतरतात आणि गुरुजींचे गुडघे गेले आहेत. रोज सकाळी बँकेच्या आधी हिमानी त्यांना स्कूटीवरून सोडते. ती गेली की कोण सोडणार? टोटो. बॅटरीची ती तीनचाकी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी कधीही मिळते.

म्हणून एकदा टोटोने पाठवून पाहिलं. सांगलीच्या यजमानांचा फोन आला, गुरुजी निघाले का? गुरुजी तर केव्हाच निघाले होते. हिमानी शोधत शोधत मैदागिनला पोचली, म्हणजे अगदी भलत्या दिशेला. टोटो कडेला उभा होता. आत बाबा, अंगावर उपरणं, मांडीवर पूजेची पिशवी, नजर सरळ समोर. जणू अजून चाललेच आहेत.

“दीदी, हम तो पूछते रहे,” टोटोवाला म्हणाला.

“त्याने भलतीकडे आणलं,” बाबा म्हणाले.

घरी हिमानीने बाबांचं वाक्य सांगितलं. टोटोवाल्याचं सांगितलं नाही. आई म्हणाली, “हल्लीचे टोटोवाले बिहारातून येतात, त्यांना रस्ते काय ठाऊक.”

“मीच चालवीन,” बाबा म्हणाले. “हिमाची स्कूटी इथेच राहू दे. तरुणपणी लूना चालवलीय मी. लायसन्स तेवढं काढ माझं, आणि तू जा बिनघोर.”

हिमानीने लगेच अर्ज भरला. ती इतकी पटकन खूश का झाली, हा विचार तिने तेव्हा केला नाही.

लर्निंग लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या देता येते. लॅपटॉपसमोर बसायचं, कॅमेरा चेहरा बघत राहतो, प्रश्न एकेक करून येतात, प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाचं घड्याळ. प्रश्नांचा संच आधी मिळतो. हिंदीत.

“संथा दे,” बाबा म्हणाले.

म्हणजे वेद शिकवतात तसं. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा. इथे हिमानी एकदा, बाबा दोनदा. सकाळी आवर्तन, संध्याकाळी आवर्तन. बाबांचा हात वेदाच्या स्वरांसारखा आपोआप हलायला लागला. *ज़ेब्रा क्रॉसिंग पर पैदल यात्री हो तो*, हात वर, *गाड़ी रोककर*, हात खाली, *उसे जाने दें*, हात बाजूला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अहो, शेवटी दक्षिणा मागू नका म्हणजे झालं.”

“तुला काय कळतंय. सरकारी ऋचा आहेत या.”

“चाल मात्र बँडवाल्यांची लागलीय.”

हिमानी हसत होती. मुलींना संथा नसते, पण लहानपणी ती बाबांच्या मांडीवर बसून हात हलवायची आणि चुकली की बाबा तिचं मनगट धरून हात योग्य जागी नेऊन ठेवायचे. आता पुस्तक तिच्या हातात होतं. आठवड्याभरात सगळा संच बाबांना पाठ झाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिने गोरखपूरला फोन केला आणि खोली धरून ठेवा म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा मधूनच विचारलं. लाल गोलातला भोंगा दाखवला.

“हे काय, बाबा?”

बाबांनी चष्मा वर केला. “शंख.”

“बाबा.”

“शंख वाजवू नये. जवळ कुणाचं तरी सुतक असेल.”

आई हसली. हिमानीही हसली. मग म्हणाली, “ये तो कल ही किया था, बाबा. चिन्हांमधलं. नीट सांगा ना.”

“मागचा कोणता होता?”

तिने मागचा सांगितला. बाबांनी डोळे मिटले, मागचा म्हटला, आणि थांबले. मग पहिल्यापासून सुरू केलं. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे बरोबर, हात हलतोय, चिन्हांपर्यंत आले, भोंग्यापाशी आले आणि म्हणाले, “हॉर्न बजाना मना है.”

“हां. मग हे चित्र कशाचं?”

बाबा चित्राकडे बघत राहिले.

*बाबा ‘शंख’ म्हणाले, कारण:*
*(१) ते थट्टा करत होते.*
*(२) ते चित्र खरंच शंखासारखं दिसतं.*
*(३)*

बाबा संध्येला उठले तेव्हा आई हळूच म्हणाली, “क्रमाने शिकलेला माणूस तो. तू मधूनच विचारतेस. मलासुद्धा आरती मधूनच म्हण म्हटलं तर जमेल का?”

आई बोलून गेली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच खटकलं, कारण ती या घरात चाळीस वर्षं होती. वेणीमाधव गुरुजी घनपाठी. घन म्हणजे काय, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पहिलं पद, दुसरं, दुसरं, पहिलं, पहिलं, दुसरं, तिसरं, तिसरं, दुसरं, पहिलं, पुन्हा पहिलं, दुसरं, तिसरं. असं एकेक पद पुढे सरकत सगळी संहिता. उलट, सुलट, मधूनच. क्रम मोडायचा आणि न चुकता परत जोडायचा, याच विद्येवर हे घर चाललं होतं.

“भाजी चिरायचीय,” आई म्हणाली आणि आत गेली.

संथा चालूच राहिली. हिमानी मधून विचारत नव्हती. बाबा सुरेख म्हणत होते.

रविवारी परीक्षा. शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “हिमे, उद्या तू समोर बस. लॅपटॉपच्या पलीकडे.”

“कशाला?”

“पहिलं उत्तर असेल तर हात वर. दुसरं, खाली. तिसरं, बाजूला. कॅमेरा माझं तोंड बघणार, तुझा हात कुठे बघतोय?”

आईचा घास हातातच राहिला. विद्यार्थ्याचा एक स्वर ढळला तर सगळा अध्याय पुन्हा म्हणायला लावणारा माणूस.

“चेष्टा केली,” बाबा म्हणाले आणि ताकाचं भांडं तोंडाला लावलं. भांडं बराच वेळ खाली आलं नाही.

रविवारी हिमानी समोरच बसली, कारण बसू नको असं कोणी म्हणालं नाही. बाबांनी धूतवस्त्र नेसलं होतं, गंध लावलं होतं. कॅमेऱ्याने चेहरा घेतला. पहिला प्रश्न आला तो संचातला शेवटून कुठलातरी. बाबांचे ओठ हलायला लागले. तिला ऐकू येत होतं, ते पहिल्यापासून म्हणत होते. चौथ्यापर्यंत आले आणि घड्याळ संपलं.

दुसरा. बाबांनी काहीतरी दाबलं. चूक.

तिसरा. बाबांनी लॅपटॉपच्या वरून तिच्याकडे पाहिलं. हिमानीच्या कपाळावर केस आले होते, तिने ते मागे सारले. बाबांनी ताबडतोब पहिला पर्याय दाबला.

बरोबर.

बाबांचा चेहरा उजळला. लहान मुलाला रस्त्यात ओळखीचं कोणी दिसावं तसा. चौथा प्रश्न आला आणि ते पडद्याकडे न बघता तिच्याच हाताकडे बघायला लागले. *चेहरा स्क्रीन की ओर रखें*, पडद्यावर आलं.

चौथ्याचं उत्तर दुसरं होतं. हिमानीला माहीत होतं. सगळीच उत्तरं माहीत होती. हात जरासा खाली न्यायचा, एवढंच. मग सकाळी कँटोन्मेंटच्या रस्त्याला स्कूटी, वर बाबा, आणि चौकाचौकांत पोरांना शाळेत सोडणाऱ्या रिक्षा. बाबा, उतरना कहाँ है. चलते रहो.

तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.

बाबांनी ते पाहिलं. नीट पाहिलं. मग नजर पडद्यावर नेली आणि उरलेले सगळे प्रश्न सरळ बसून सोडवले, घाई न करता. एकदोन बरोबरही आले.

*असफल.*

आईने दारातूनच विचारलं, “झालं?”

“झालं,” बाबा म्हणाले. लॅपटॉप मिटला. हिमानीकडे वळले. “हात दुखतायत का तुझे?”

“नाही.”

“मग काढ की बाहेर. परीक्षा संपली.”

तिने हात बाहेर काढले. तळव्यांवर चटईचे वळ उठले होते.

“तुझं गोरखपूर बुडालं माझ्यापायी,” बाबा म्हणाले.

“परत देता येते परीक्षा, बाबा.”

“येते?” त्यांनी मांडी पुन्हा नीट घातली. “मग घे पुस्तक. कुठे होतो आपण?”

हिमानीने पुस्तक उघडलं. बाबांनी डोळे मिटले, हात उचलला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

गोरखपूरला जाणार नाही, असं हिमानीने मॅनेजरना शंखाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारीच सांगून टाकलं होतं.