थांबलेला स्टरर

तापमान खाली येत होतं, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही.

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. पॅनेलवर विश्राम होता. रिॲक्टर तीनमध्ये नायट्रेशनची बॅच चालू होती. मोठ्या बंद भांड्यात सॉल्व्हंट, त्यात बारीक धारेनं सोडलं जाणारं तीव्र आम्ल, आत सतत फिरून सगळं ढवळणारा स्टरर आणि भांड्याच्या बाहेरून खेळवलेलं गार पाणी. आम्ल पडलं की उष्णता तयार होते, स्टरर ती पसरवतो, गार पाणी ती ओढून घेतं. बॅच अशी चालते.

प्राप्ती आंगणे कंपनीत प्रोसेस सेफ्टी बघायची. ठाण्यात वर्तकनगरला राहायची. आधीची मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलेलं. पण मोठ्या कंपनीत सगळं आधीच बसवलेलं असतं, इथे बसवायचं होतं. ती डबा खाऊन सहज पॅनेलपाशी आली आणि स्क्रीनकडे बघून थांबली.

"विश्राम, आम्ल चालू आहे ना?"

"चालू आहे मॅडम. आज एकदम मस्त आहे बॅच. टेंपरेचर वर जातच नाहीये."

"का जात नाहीये?"

विश्राम हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. प्राप्तीची नजर कोपऱ्यातल्या एका लहानशा आकड्यावर खिळली होती. स्टररच्या मोटरचा करंट शून्य होता. मोटर कधीतरी ट्रिप होऊन बंद पडली होती. तिचा अलार्म रोजच उगाच वाजतो म्हणून आवाज बंद करून ठेवलेला. स्टरर थांबला होता, आणि वरून आम्ल पडतच होतं.

"आयला, स्टरर!" विश्रामचा हात स्टार्टच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस!"

ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या केबिनमधून दौलत म्हात्रे धावत आला. तिनं विश्रामचं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं आम्लाचा व्हॉल्व्ह बंद केला.

"मॅडम, स्टरर चालू केला की मिक्स होईल ना सगळं," विश्राम म्हणाला.

"तेच तर. आम्ल जड असतं. ते खाली जाऊन साचलंय. आता स्टरर फिरवलास तर इतका वेळ जे हळूहळू व्हायला हवं होतं ते एका दमात होईल. भांडं राहणार नाही. शेडही राहणार नाही."

विश्रामनं हात पोटाशी घेतला आणि तो खुर्चीतून उठून मागे सरकला.

दौलत प्लांटचा मॅनेजर होता. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, भिंतीपलीकडच्या आगरी पाड्यातला. एमआयडीसी आली तेव्हा त्याच्या वडिलांची भातशेती तिच्यात गेली होती. त्याचं घर अजून तिथेच होतं, कंपनीच्या मागच्या भिंतीला जवळजवळ लागून.

"स्टरर बंद पडला की आम्ल आपोआप बंद व्हायला हवं होतं," प्राप्ती म्हणाली. "इंटरलॉक होता ना. दौलतदादा, का नाही झालं?"

तिनं पॅनेलच्या खालचं झाकण उघडलं. बायपासची चावी आडवी फिरवलेली होती, म्हणजे इंटरलॉक मुद्दाम बंद केलेला होता.

"तो सेन्सर खोटं ट्रिप देतो," दौलत सावकाश म्हणाला. "सकाळपासून तीन वेळा बॅच थांबली. इन्स्ट्रुमेंटवाला संध्याकाळी येणार होता. म्हटलं, तेवढ्यापुरतं."

"मला विचारल्याशिवाय?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

पुढे बोलायला वेळ नव्हता. स्क्रीनवरचा आकडा खाली जायचा थांबला होता. मग तो एका अंशानं वर आला. सॉल्व्हंट आणि आम्ल जिथे एकमेकांना टेकले होते, तिथे काम सुरू झालं होतं.

"सगळी माणसं शेडमधून बाहेर काढा," ती म्हणाली. "पुढच्या गेटवर जमा व्हायचं. मागे कुणीही जायचं नाही. आणि बाहेरचा सायरन वाजवा."

आतला सायरन कामगारांसाठी होता. बाहेरचा पाड्यासाठी. तो बसवायला तिनं मालकांशी तीन महिने वाद घातला होता, आणि तो अजून एकदाही वाजला नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालक, चिराग. सिक्युरिटीनं त्याला कळवलं असणार.

"प्राप्ती, आतलं इव्हॅक्युएशन कर. पण बाहेरचा सायरन नको."

"सर, भिंतीपलीकडे घरं आहेत."

"टेंपरेचर लिमिटच्या आत आहे ना? मग? एकदा सायरन वाजला की चॅनेलवाले येतील, पोल्यूशन बोर्ड येईल, कंपनीला सील लागेल. आधीच लोक आपल्यावर खार खाऊन आहेत. कंट्रोल होतंय का बघ, मग ठरवू."

"कंट्रोल नाही झालं तर ठरवायला वेळ मिळणार नाही, सर."

"मी तुला स्पष्ट सांगतोय—"

त्याचं पुढचं वाक्य तिला ऐकूच आलं नाही. बाहेर सायरन सुरू झाला होता. लांबट, चढत जाणारा. तिनं वळून पाहिलं. दौलतचा पंजा लाल बटणावर होता आणि तो खिडकीतून मागच्या भिंतीकडे बघत होता.

त्यानं दुसऱ्या हातानं भावजयीला फोन लावला.

"सरस्वती वयनी, आयला घे नी भायेर नीघ. लगेच. काय इचारू नको गो. हायवेच्या बाजूला पल. शेजारच्यांना पन सांग."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "माझं मी बघतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

"तुम्ही जा घरी," प्राप्ती म्हणाली. "आईंना पळता येणार नाही, उचलावं लागेल."

"पाइपलाइन मला माहितीये. मी गेलो तर तुम्ही एकट्या काय करणार?"

दोघांनाही उपाय माहीत होता. रिॲक्टरच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि खाली साचलेलं आम्ल मागच्या डंप टाकीत सोडायचं. व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून हवेच्या दाबानं उघडता येत होता. टाकी कायम पाण्यानं भरलेली असायला हवी होती, आम्ल त्यात पडून थंड व्हावं म्हणून.

"टाकीत पाणी आहे?"

"असायला पाहिजे."

"आहे, की असायला पाहिजे?"

ते दौलतला खात्रीनं माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात जागा नव्हती म्हणून वापरलेलं सॉल्व्हंट टाकीत ठेवलेलं. ते काढून पाणी भरा, असं त्यानं सांगितलं होतं. भरलं की नाही, ते बघितलं नव्हतं. सॉल्व्हंट अजून आत असतं आणि त्यावर हे आम्ल सोडलं असतं, तर जे रिॲक्टरमध्ये टाळत होते ते टाकीत झालं असतं.

"मी बघून येतो," तो म्हणाला.

टाकी शेडच्या मागे होती, जाड भिंतीच्या आडोशाला. तरी तिथे जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणंच होतं. माणसांना तिकडे जाऊ नका म्हणणारी तीच, आणि आता पाठवणारीही तीच. तिनं मास्क आणि हवेचं सिलिंडर त्याच्या पाठीवर बांधलं. बकल दोनदा ओढून बघितलं.

"शेडमध्ये शिरायचं नाही. कंपाउंडच्या कडेनं जायचं. बघायचं आणि परत. वॉकी-टॉकी चालू ठेवा."

तो गेला. प्राप्तीनं विश्रामलाही गेटवर पाठवलं. आता खोलीत ती आणि स्क्रीन. आकडा पन्नाशी ओलांडून वर सरकत होता, पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, थांबत थांबत. चिरागचा फोन पुन्हा वाजला, थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि बंद झाला. ती व्हॉल्व्हच्या बटणावर बोट ठेवून उभी होती. न विचारता दाबावं, असं तिला एकदा वाटलं. पाणी असेलच, असं मन सांगत होतं. सकाळी चावी फिरवताना दौलतच्या मनानंही त्याला असंच काहीतरी सांगितलं असेल. तिनं बोट उचललं.

वॉकी खरखरला. काही कळलं नाही.

"दौलतदादा? परत बोला."

पुन्हा खरखर. मग मास्कमधून दबलेला आवाज: "पाणी आहे. टाकीच्या काचेतून बघितलं, वरचा कॉक उघडून पण बघितलं. पाणीच आहे."

"भिंतीपासून लांब व्हा. गेटवर जा. पोचलात की सांगा."

तो गेटवर पोचल्याचं सांगेपर्यंत ती थांबली, मग बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग खालून एक धक्का जाणवला, आणि स्क्रीनवरची व्हॉल्व्हची खूण लालची हिरवी झाली. आम्ल उतरू लागलं. टाकीतून वाफेचा पांढरा लोट उठला. रिॲक्टरचा आकडा मात्र चढतच राहिला. पळायच्या तयारीनं तिनं सेफ्टी शूज घट्ट केले आणि दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. मग आकडा थांबला. बराच वेळ एकाच जागी राहिला. आणि उतरला.

ती खुर्चीत बसली नाही, जमिनीवरच बसली.

गेटवर आली तेव्हा कामगार टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण दौलत फोनवर होता आणि बातमी वाईट होती. सरस्वतीनं सासूला स्कूटरवर बसवलं होतं. वळणावर खडीवरून स्कूटर घसरली. दौलतच्या आईचं, कमळाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना दवाखान्यात नेत होते.

तासाभरात पाड्यातली माणसं गेटवर जमली. कुणाच्या कडेवर पोर होतं, कुणी अनवाणीच पळालेलं. चिराग ठाण्याहून गाडीनं आला आणि सरळ त्यांच्यासमोर उभा राहिला.

"घाबरू नका, काहीही झालेलं नाही. ही मॉक ड्रिल होती. सरावासाठी. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, ती आमची चूक."

"सराव?" एक बाई पुढे आली. "म्हातारीचं हाड मोडलं तुमच्या सरावात!"

गलका वाढला. "परत वाजला तर कोण घर सोडणार नाय," मागून कुणीतरी ओरडलं, आणि बऱ्याच जणांनी त्याला साथ दिली.

पुढच्या वेळी खरंच कुणी पळणार नाही, हे प्राप्तीच्या लक्षात आलं. ती पुढे सरकली, पण तिच्याआधी दौलत गर्दीत शिरला होता. चेहऱ्यावर मास्कचे वळ तसेच होते.

"ड्रिल नव्हती," तो म्हणाला. "रिॲक्टर फुटणार होता. सेफ्टी मीच बंद केलेली, सकाळी. मॅडमनी वाचवलं. शिव्या घालायच्या तर मला घाला. पण पुन्हा वाजला तर पळा."

"दौलत, आत ये," चिराग म्हणाला.

"आईकडे जायचंय साहेब." तो कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून निघून गेला.

चिराग प्राप्तीकडे वळला. "तू तरी समजून घे. रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते आपण बसून ठरवू."

"फॅक्टरी इन्स्पेक्टरना मी फोन केलाय, सर," ती म्हणाली. "ते निघालेत."

प्लांट पावसाळा संपेपर्यंत बंद राहिला. चिराग बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला, तरी तिला काढलं नाही. इन्स्पेक्टरसमोर कोण बसणार, हाही प्रश्न असावा. दौलतकडून प्रोडक्शन काढून घेतलं. त्याला स्टोअरला बसवलं. तो तिथे गेला, तक्रार न करता. कमळाबाईंचं ऑपरेशन झालं. त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत चालू लागल्या, तेव्हा प्राप्ती भेटायला गेली.

"तू वाजवलास तो भोंगा?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी. तुमच्या मुलानं."

कमळाबाईंनी वॉकर बाजूला सारून तिला ओट्यावर जागा केली, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.