बाटलीवरची धोंडीबाई

तानसा तलावाच्या अंगाच्या गावांत धोंडीबाईला नाव ठेवायची टाप कुणाची नव्हती. तोंड मिरचीचं, पण हाताला गुण. दर रविवारी तिच्या ओटीवर माणसं गुडघे धरून बसायची. ती एक मुळी सहाणेवर उगाळायची, लेप लावायची आणि एक नारळ घ्यायची. पैशाला शिवायची नाही. औषधाला पैसा लागला की औषध मेलं, असं सासू सांगून गेली होती. सासूचं बाकी काही धोंडीबाईनं ऐकलं नाही, एवढं मात्र ऐकलं.

एक दिवस मुरबाडकडची चिमाबाई आली आणि ओटीवर न चढता अंगणातच उभी राहिली, तेव्हा धोंडीबाईला नवल वाटलं. दोघी तरुणपणी एका वीटभट्टीवर राबलेल्या. एकमेकींच्या घरी आल्या की आधी चुलीपाशी जायचं, मग बोलायचं, अशी रीत.

“उन्हात काय उभी? तुला काय आमंत्रण धाडू?”

चिमाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. गुडघा भाजल्यासारखा लाल, खाली कातडं सोलवटलेलं.

“काय लावलंस गो हे?”

“तुझं तेल.”

“मी तेल कधी देते?”

“देत नव्हतीस. आता विकतेस. बाटलीवर तोंड हाय तुझं.”

धोंडीबाईची सून संजीवनी आतून मोबाइल घेऊन आली. खाली मान घालून तिनं दाखवलं. तिला आधीच ठाऊक होतं, फक्त सासूला सांगायची छाती झाली नव्हती. मोबाइलमध्ये धोंडीबाई स्वतःच्याच ओटीवर बसून कुणाचा तरी पाय चोळत होती. तोंड तिचं, आवाज भलतीचाच. “नमस्कार, मी धोंडीबाई. आमच्या पिढीजात तेलाने गुडघेदुखीपासून कायमची मुक्ती.” खाली बाटली, आणि दाबायला हिरवं बटण.

“ही कुठली मास्तरीण बोलते माझ्या तोंडातनं?”

मग तिला आठवलं. कल्याणहून आईला घेऊन आलेल्या एका माणसानं शूटिंग केलं होतं. त्यानं मोबाइल वर धरला तेव्हा आपण पदर सारखा करून ताठ बसलो होतो, हेही आठवलं, आणि तेच जास्त झोंबलं.

“चिमे, हे माझं नाय.”

“मग चार बायांसमोर सांग, ते तेल विष हाय म्हणून.”

“माझं नाय, एवढं सांगेन.”

“विष म्हण.”

“ते नाय म्हणायची.”

सासूचं दुसरं बजावणंही होतं. दुसऱ्याच्या औषधाला वाईट म्हणायचं नाही. ज्या जिभेनं औषधाला नाव ठेवलं, त्या हाताचा गुण गेला. सासूच्या हाडं बसवणाऱ्या सासऱ्यापासून घरात कुणीच ते मोडलेलं नव्हतं. हे चिमाबाईला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. पण धोंडीबाईनं जन्मात कुणाला कारण दिलं नव्हतं, आणि अंगणात उभ्या राहिलेल्या बाईला तर नाहीच नाही.

चिमाबाई पाणीही न घेता गेली.

पुढच्या आठवड्यात चिमाबाईची नात आली, पौर्णिमा. मुंबईला एका संस्थेत कामाला. मोबाइलवरच्या फसव्या जाहिराती कोण बनवतं, कोण पसरवतं, माणसांनी बटण दाबलं की कुणाचं पोट भरतं, हे शोधून काढायचं आणि जगापुढे मांडायचं, हा त्या संस्थेचा उद्योग.

“मग त्यात तुमाला काय सुटतं?” धोंडीबाईनं विचारलं.

“काही नाही, आजी. नफ्याची संस्था नाही आमची. देणगीवर चालते.”

“म्हंजे माझ्यासारखंच. नारळावर.”

पौर्णिमा हसली. चुलीपाशी बसून चहा प्याली. ती म्हणाली, “तुमचं तोंड लावून तेल विकणाऱ्यांची नुसती नावंच बदलतात. एक जाहिरात आम्ही उतरवायला लावली की दुसऱ्या नावाने तीन चढतात. आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुम्ही स्वतः बोललात तर लोकांचाही बसेल. मी रेकॉर्ड करते. फक्त म्हणा, हे तेल खोटं आहे, घेऊ नका.”

“घेऊ नका म्हणते. माझं नाय म्हणते. खोटं म्हणायची नाय.”

“अहो, आमच्या आजीचा पाय बघितलात ना?”

“बघितला.”

“मग?”

“मग काय? तुजी संस्था तुज्या नियमानं चालते ना? मी माझ्या चालते.”

पौर्णिमेनं पुष्कळ मनधरणी केली. शेवटी धोंडीबाई ओटीवर बसली आणि मोबाइलकडे बघून बोलली, “मी धोंडीबाई. कुठल्या औषधाला मी वाईट म्हणायची नाय, ती आमची रीत नाय. पण ही बाटली माझी नाय. मी औषध विकत नाय. कुणी घेऊ नका.” मग बोट रोखून म्हणाली, “सगळं लाव गो. तोडूनफोडून लावशील तर तुज्या आजीकडे येऊन तुजा कान धरीन.”

पौर्णिमेनं शब्द पाळला. संस्थेनं शोधून काढलेलं सगळं छापलं, त्यासोबत धोंडीबाईचं बोलणं जसंच्या तसं लावलं. दिल्लीला कुठल्याशा सभेत ते मोठ्या पडद्यावर दाखवलं म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पौर्णिमेनं आनंदानं फोन करून सांगितलं. धोंडीबाईनं सुनेला तांदळाची भाकरी जास्तीची टाकायला लावली, कारण काही सांगितलं नाही.

भात कापणीला आलं तेव्हा संजीवनी पुन्हा मोबाइल घेऊन उभी राहिली. या वेळी रडतच.

नवी जाहिरात होती. तीच ओटी, तीच धोंडीबाई, आणि या वेळी आवाजही तिचा, अस्सल, खणखणीत. “मी धोंडीबाई. कुठल्या औषधाला मी वाईट म्हणायची नाय.” आणि लगेच बाटली. पुढचं सगळं कापलेलं. चोराला उसना आवाज आता लागतच नव्हता. मालकिणीनंच घरी बोलावून दिला होता.

पौर्णिमेला फोन लावला. पोरगी घाईघाईनं म्हणाली, “आजी, आम्ही तक्रार केलीय. उतरवतील. वेळ लागतो. आमच्याकडे माणसं कमी आहेत.”

“तुजं काय चुकलं नाय,” धोंडीबाई म्हणाली. “वाक्य माझं होतं.”

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं ती मुरबाडला गेली, पुढे रिक्षानं चिमाबाईच्या घरी. चिमाबाई खाटेवर पाय पसरून बसली होती. शेजारणी तांदूळ निवडत होत्या. धोंडीबाई अंगणातच उभी राहिली. कुणी आत ये म्हटलं नाही.

“चिमे, ते तेल विष हाय,” ती म्हणाली. “खोटं हाय. पाय जाळणारं हाय. ऐकलं सगळ्यांनी?”

शेजारणींचे हात थांबले. चिमाबाईनं हलक्या आवाजात विचारलं, “हे तवा म्हणाली असतीस तर काय झालं असतं?”

आता तरी कारण द्यायला हवं होतं. धोंडीबाईनं तोंड उघडलं. “औषधाला नाव ठेवलं की हाताचा गुण जातो. सासू सांगून गेली.”

“म्हंजे माझ्या पायापरास तुला तुजा हात मोठा.”

खरंच होतं ते.

“जा धोंडे,” चिमाबाई म्हणाली. “शेवटची एसटी चुकंल.”

रविवारी माणसं नेहमीसारखी आली. वाशिंदहून आलेली, कसाऱ्याहून आलेली, पिशवीत नारळ घेऊन. सहाण धुऊन उपडी ठेवलेली. धोंडीबाई ओटीवर पाय जोडून बसली होती.

“औषध बंद झालं,” ती प्रत्येकाला सांगत होती. “गुण गेला. उगा लावून फसवायची नाय मी.”

एक म्हातारा सुनेच्या आधारानं उंबऱ्यापर्यंत आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि सुनेला म्हणाला, “चल गो. मग ती बाटलीच मागवू. ती तरी तिची हाय.”