उजव्या हाताची बोटं

"हे बोटं माजे नाहीत," शकुनबाई म्हणाली आणि टेबलावरची तीन बोटं तिने डाव्या हाताने परत सरकवली.

अंजूचा चेहरा उतरला. भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकणारी ती तिथल्या प्रयोगशाळेत दहा दिवस याच कामात होती. शकुनबाईच्या डाव्या हाताभोवती यंत्र फिरवून तिने चित्र घेतलं, कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटं करून त्याचा उजवा हात केला, थ्रीडी प्रिंटरवर साचा काढला आणि त्यात रबरासारखं मऊ सिलिकॉन ओतलं. रंग तर असा जमला होता, की बोटं नुकतीच शेतातल्या धुळीतून आल्यासारखी दिसत होती. आता शकुनबाईच्या नातीची हळद परवावर आली होती.

"आजी, तुमच्याच हाताची आहेत. नखं तरी बघा."

"नखं माजेच आहेत. पन हे काय?" मधल्या बोटावर एक आणि अनामिकेवर दोन बारीक खाचा होत्या.

"तुमच्या डाव्या हातावर आहेत, तशाच आल्या."

"डाव्यावर आहेत म्हनूनच त सांगून राहिली. पोरी, तू कधी धान कापलं काय?"

"नाही."

"तिनं कायले कापावं?" बाकावरून तेजराम, शकुनबाईचा नवरा, बोलला. "तिच्या घरी सीधं पोतंच येते."

"तुमी चूप बसा. तुमच्याही हातावर मले कधी इळ्याची खून दिसली नाही." तेजराम हसला. शकुनबाईने हवेतच धानाची मूठ धरली. "डावा हात धरते, उजवा इळा चालवते. इळा घसरला त कोनाले लागते? धरनाऱ्याले. उजव्यावर इळ्याची खून पाहून आमच्या कोंढा गावच्या बाया पदरात तोंड घालून हासतीन. म्हनतीन, शकुननं बोटं आनले, तेही न पारखता."

अंजूने कपाळावर हात मारला. मग साच्याचा अर्धा भाग तिने उजेडात धरला. "बोटावर खाच, म्हणजे साच्यात उंचवटा. तो घासून टाकला की झालं. उद्या नवीन ओतते." ती थबकली. "आणि हे? पहिल्या पेरावर कातडं जाड झालंय. हेही घासू?"

ते घट्टे होते. शकुनबाईने त्यांवरून डावा अंगठा फिरवला.

चोविसाव्या वर्षी राईस मिलच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली; डाव्यावरच्या खाचा त्याआधीच्या. जखम भरली तसा तिने विळा डाव्या हातात घेतला आणि उरलेल्या अंगठा-करंगळीत धानाची मूठ धरायला शिकली. पहिल्या हंगामात बाया तिला 'उलटी शकुन' म्हणत. तिसऱ्या हंगामात तीच बायांच्या पुढे कापत होती. शेतात ती कुणाला हार गेली नाही. मात्र लग्नघरी तिचा उजवा हात पदराखाली जाई. तुटक्या हातानं हळद लावू नये, असं सासू एकदाच बोलली होती. सासू गेली, पण बोल राहिला. पोटच्या मुलाच्या हळदीलाही शकुनबाई चुलीपाशी बसून होती. आता नात अडून बसली होती. आजीनं उजव्या हातानं लावली नाही, तर शुभांगी पाटावर बसणार नव्हती.

"ते राहू दे," शकुनबाई म्हणाली. "ते उजव्याचेच होत. डाव्यानं त्याच्या बदल्यात कमावले."

हळदीच्या दिवशी कोंढ्याच्या घरी अंगणात बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. शकुनबाई चुलीपासून उठली, सरळ पाटाजवळ आली आणि पदराखालून हात बाहेर काढला. गाणं मध्येच थांबलं. तिच्याबरोबर चाळीस हंगाम कापणी केलेल्या सत्यभामाने तो हात ओढून मांडीवर घेतला. उलटासुलटा केला, पेरांवरून अंगठा फिरवला.

"घट्टे त बरोबर आहेत वं," ती म्हणाली. "पन इळ्याची एकही खून नाही?"

"उजवा आहे तो, सत्यभामा."

सत्यभामाने तिच्या डाव्या हातावरच्या खुणांकडे पाहिलं. "हो वं बाई," म्हणत तिने हात सोडला. "लाव आता. का मुहूर्त टळल्यावर लावतं?"

बाया हसल्या, गाणं पुन्हा सुरू झालं. शकुनबाईने हळदीत बोटं बुडवली आणि शुभांगीच्या गालावर टेकवली. बोटांना काहीच कळलं नाही. पण पोरीने गाल हातावर असा रेलला, की तो भार मनगटातून थेट खांद्यापर्यंत आला.

वरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुनबाई गावच्या नळावर भांडी घासत होती. डाव्या हाताची हळद केव्हाच निघून गेली होती. उजव्या हाताची तीन बोटं मात्र पिवळीच होती. साबण झाला, राख झाली, तरी रंग हलेना. तिने घासणीही उचलली, बोटांपर्यंत नेली आणि मग खाली ठेवली.

उजवा हात पदराला पुसून तिने भरलेली घागर कमरेवर घेतली, आणि नेहमीची घरामागची वाट सोडून भर रस्त्याने घरी निघाली.