सरळ वाती

मनकर्णाबाईंना कसं काय विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं हाय." संधिवातानं बोटं बाभळीच्या काटक्यांसारखी वाकडी केली, तेव्हाही बरं होतं. यंदा फुप्फुसात कॅन्सर निघाला, तेव्हाही.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला, पौर्णिमेला, बाजूला घेतलं. "हे इंजेक्शन म्हणजे शरीरातले रखवालीचे कुत्रे कॅन्सरवर सोडणं. पण यांचे कुत्रे आधीपासूनच घरच्यांना चावतात, म्हणून तर सांधे सुजतात. आता जास्त चवताळतील. सांधे, श्वास, जुलाब, काहीही बदललं की लगेच सांगायचं. वेळेत कळलं तर गोळ्यांनी आवरता येतं."

"त्या सांगत नाहीत."

"मग तुम्ही बघा."

पौर्णिमेनं कुत्र्यांची गोष्ट घरी सासूबाईंना सांगितली आणि बघू लागली. नाचणगावच्या देवळातल्या वाती सासूबाईंच्या हातच्या. एक टोक जाड, मध्ये गाठ. पुजाऱ्यानं कधी नाव ठेवलं नाही, देवानं तर नाहीच. लेकीला कडेवर घेऊन पौर्णिमा रोज ताटलीत डोकावायची. वाती वाकड्या म्हणजे सगळं ठीक.

तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी ताटलीत वाती सरळ. एकजात, सुईसारख्या. पौर्णिमेनं एक उचलून पाहिली.

"आई, ह्या कोणी वळल्या वो?"

"मीच. काऊन?"

"लय सुरेख झाल्या."

"इंजेक्शनचा गुण असन."

पौर्णिमेनं कापूस पुढे केला. "एक वळून दाखवा मले."

मनकर्णाबाईंचा हात पदराखालून निघेना. निघाला तेव्हा मनगट सुजून टम्म झालेलं.

"शेजारच्या रुपानं वळून देल्या," त्या म्हणाल्या. "कुत्रे सुटले वाट्टे. सांगतलं तं डॉक्टरीण इंजेक्शन बंद करन. मले या पोरीले चालताना पाह्यचं हाय."

"चला, वर्ध्याले." पौर्णिमेनं लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या, पुढचं इंजेक्शन थोडं लांबवलं. "बंद नाही केलं, आजी. लपवत राहिलात तर मात्र करावं लागेल."

परतीच्या एसटीत मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मनगट दुखते, गुडघा दुखते, खिडकीतून वारा लागते, कंडक्टर उगाच खेकसते, पोरगी जड झाली.

पौर्णिमा सगळं ऐकत होती. उतरायचं पुलगाव आलं तशी म्हणाली, "बरं हाय."