अजून थोडं

अँटेनाच्या पाइपाला लोखंडी पकड बसवली होती, तिथला गंज एकाच बाजूने खरवडला गेला होता. समुद्र इतका जवळ असताना उघडं लोखंड फार दिवस चकचकीत राहत नाही. म्हणजे हे खरवडणं ताजं होतं. राहीने त्यावरून बोट फिरवलं. चकचकीत पट्टा तिने खडूने केलेल्या उत्तरेच्या खुणेपासून सुरू होत होता आणि पूर्वेकडे गेला होता. पश्चिमेच्या बाजूचा गंज मात्र तसाच होता, खरखरीत.

तिला ते पटेना. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस दोन्हीकडे चाचपतो. टीव्हीचं चित्र शोधतानाही अँटेना थोडा पुढे, थोडा मागे असाच फिरवावा लागतो. इथे पाइप दर वेळी पुढेच गेला होता. मागे फिरवा, असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

राही हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायची आणि थोरल्या भावाकडे, काशीराम सुर्व्यांकडे राहायची. मिरकरवाड्याच्या वरच्या चढावर त्यांचं चिऱ्याचं घर होतं. टीव्ही येऊन वर्ष झालं होतं. रत्नागिरीला तेव्हा स्वतःचा मनोरा नव्हता. मुंबईचं चित्र समुद्रावरून येईल तसं धरावं लागे, आणि ते धरायला तीन माणसं लागत. काशीराम मागीलदारी पाइप फिरवायचा. त्याची मुलगी चिमा पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसायची. तिचा आवाज मागे पोचत नसे, म्हणून तिची आई कमळा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून निरोप पोचवायची.

“आलं का?”

“मुंग्या आहेत. फिरवा.”

“आता?”

“आलं, आलं! थांबा तिथंच!”

बातम्यांच्या वेळी हे दोन मिनिटांत व्हायचं. मंगळवारी मात्र कलांचा कार्यक्रम लागला, की काशीरामचे हात दुखले तरी चित्र यायचं नाही. त्या कार्यक्रमात कधी नाच असे, कधी गाणं, कधी चित्रकार. चिमाला तो हवा होता, आणि कारण साधं नव्हतं.

चिमाची बारावीची परीक्षा संपली होती. चित्रकलेचे भिकाजी मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, की या मुलीचा हात चांगला आहे, तिला मुंबईच्या कला महाविद्यालयात घाला. काशीराम म्हणाला, “तिच्या आईनं हो म्हटलं तर माझं काय?” कमळा म्हणाली, “मला त्यातलं काय कळतं? तो मंगळवारचा कार्यक्रम एकदा नीट बघू दे. चित्रं काढून माणसं पुढं काय करतात ते दिसू दे, मग सांगते.” तेव्हापासून एकही मंगळवार धड दिसला नव्हता. आणि मास्तरांना या आठवड्यात कळवायचं होतं.

खापर शेजारच्या वजीर मुकादमांवर फुटलं होतं. वजीर अर्धं आयुष्य बोटीवर इंजिनात काम करून घरी बसले होते. त्यांचा मुलगा कमाल मस्कतला होता. त्याने बापाला तिकडचा, चित्र ठळक करणारा बूस्टर पाठवला होता, आणि वजीरनी अँटेना लावला तो मुंबईकडे नाही, थेट पश्चिमेला. यावर नाक्यावर पुष्कळ चर्चा झाली होती.

“पश्चिमेला काय आहे?” सायकलवाला महिपत विचारायचा. “पाणी. मग पाण्यातनं काय बघतो हा?”

“आखाताकडचं दिसतं म्हणे.”

“दिसणारच. मशीनच तसलं आहे. आजूबाजूचं सगळं ओढून घेतं ते. सुर्व्यांची मुंबई कुठं गेली, वाटलं तुम्हाला?”

काशीराम हे ऐकून घरी यायचा आणि जेवताना तेच पुन्हा सांगायचा. राहीने त्याला समजावलं होतं.

“दादा, अँटेना म्हणजे विहिरीवरचा पंप नव्हे. त्यांनी ओढलं म्हणून आपलं कमी होत नाही. बूस्टर बिघडला तर शेजारच्या चित्रात खरखर येते, हे खरं. पण मग ती बातम्यांनाही यायला हवी.”

“मग मंगळवारीच कशी येते ती?”

“तेच तर मी विचारतेय. मंगळवारीच का?”

“कारण त्याला ठाऊक आहे, आपल्याला मंगळवारचं हवंय ते.”

राहीला हे हास्यास्पद वाटलं होतं. पण तिच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. मे महिन्यात संध्याकाळी वारा पडला, की तापलेली हवा समुद्रावर चादरीसारखी पसरते आणि दूरदूरची चित्रं तिच्याखालून सरकत येतात. या दिवसांत मुंबई उलट अधिक स्वच्छ दिसायला हवी. वजीरच्या घरी मस्कतचं दिसायचं तेही याच दिवसांत. वजीरची बायको कनीज तेव्हा चूल सोडून पडद्यासमोर बसायची. भाषा कळत नसे. एखादा रस्ता दिसला, की म्हणायची, “ह्याच रस्त्यानं जात असंल माझा कमाल.”

आज मंगळवार होता. कार्यक्रमाच्या थोडं आधी काशीरामने पायात चपला सरकवल्या.

“कुठं निघालास, दादा?”

“वजीरकडं. आज सांगतोच त्याला, अँटेनाची काठी उतरव म्हणून. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

“अरे, आणि पाइप?”

“तू फिरव. तुझं सायन्स तरी चालतं का बघू.”

म्हणून राही पाइपापाशी आली होती, आणि म्हणून तिला तो एकाच बाजूचा चकचकीत पट्टा दिसला होता.

काल बातम्यांना कमळाने खिडकीतून “आलं” म्हटल्यावर तिने पकडीवर आणि पाइपावर जोडून खडूची रेघ ओढली होती. आता तिने दोन्ही रेघा एकमेकींसमोर आणल्या. वारा नव्हता. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. चित्र यायलाच हवं होतं.

“वहिनी, आलं का?”

खिडकीत कमळाचा चेहरा होता. हातात पळी. तिने जरा वेळ घेतला.

“अजून थोडं.”

राहीने पाइपाला हात लावला नाही. थोडी थांबली आणि ओरडली, “फिरवलं! आता?”

“अजून थोडं.”

राहीने दोन्ही हात मागे घेतले आणि पदराला पुसले. तिला एकदम वर्गातल्या त्या मुलींची आठवण झाली, ज्या तापमापी न बघताच आकडा सांगतात.

“आता बघा हं, वहिनी, बरंच फिरवलंय!”

“अजून थोडं, वन्सं!”

राही आवाज न करता घराला वळसा घालून पुढच्या दारात आली.

पडद्यावर एक बाई मातीचा चेहरा घडवत होती. चित्र इतकं स्वच्छ होतं, की तिच्या नखांत अडकलेली ओली मातीही दिसत होती. चिमा पडद्याच्या इतकी जवळ बसली होती, की तिच्या गालावर निळसर उजेड हलत होता. ती मागे न बघताच ओरडत होती, “आई, आलंय गो! कधीचं आलंय! आत्याला सांग, हात लावू नको म्हणावं!”

आणि मधल्या दारातून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. कमळा पडद्याकडे पाठ करून उभी होती. मागीलदारी आता कुणीही नव्हतं. त्या रिकाम्या मागीलदाराला ती सांगत होती, “अजून थोडं… अजून थोडं…”

राही आत गेली. तिने मधलं दार ओढून घेतलं.

“वहिनी, मी पाइपाला हातच लावला नव्हता.”

कमळा दचकून वळली. खिडकीबाहेर पाहिलं, मग राहीकडे. पळीतून आमटी तिच्या पायावर ठिबकली.

“तुमच्या शाळेत असंच करतात काय? जितं माणूस टेबलावर घालून बघतात?”

“माणूस नाही, बेडूक. आणि तोही मेल्यावर.”

“मग मी बेडकाहून वाईट म्हणायची.” कमळाने पळी ठेवली. “पण मी खोटं नाही बोलले, वन्सं. आलं नाही, असं एकदा तरी म्हटलं का मी? अजून थोडं, एवढंच म्हटलं.”

“दादा तिकडे वजीरभाऊंशी भांडायला गेलाय.”

“भांडायचे नाहीत ते. बोलून येतील.”

“तुम्हाला तिला पाठवायचं नाही, तर नाही म्हणायचं होतंत. कुणी अडवलं होतं?”

कमळा हसली. ते हसणं राहीला आवडलं नाही.

“नाही म्हणायचं असतं, तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं. मला काय जड आहे ते? रोज चार जणांना नाही म्हणते मी. कोळणीला म्हणते, तुमच्या दादाला म्हणते.” तिने बंद दाराकडे पाहिलं. पलीकडून चिमाचा आवाज आला, “आई, बघ तरी, बाईनं नाक कसं काढलं!” कमळाचा आवाज खाली गेला. “एकदा बघितलं, की मला हो म्हणावं लागणार. हे मला आधीच ठाऊक होतं. नाही बघितलं, तर पुढच्या मंगळवारपर्यंत ती माझ्या घरात.”

राहीने यंत्रावर संशय घेतला होता, हवेवर घेतला होता, क्षणभर वजीरवरही घेतला होता. वहिनीवर तिने आज पहिल्यांदाच घेतला होता, आणि तो खरा ठरल्याचं समाधान तिला वाटेना.

दगडी गडग्यापलीकडे, वजीरच्या घराशी, शिडी भिंतीला आपटल्याचा आवाज झाला. दोघी खिडकीशी गेल्या.

वजीर लुंगी वर खोचून शिडी चढत होते. कमरेला पाना लटकत होता. काशीराम खाली उभा होता, अंग चोरून. जिंकलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

“मी उतरवाच असं नाही म्हटलं, वजीरभाऊ. काही दिवस जरा…”

“तसं कशाला?” वजीर वरूनच म्हणाले. “पोरीच्या शिक्षणाचं आहे म्हणतोस ना? मग एक काठी ती काय! माझा संशय आला तुला, ते बरं नाय वाटलं, येवढंच.”

“संशय नाही हो…”

“संशयच तो. दुसरं नाव नको देऊस त्याला. शिडी धर.”

काशीरामने शिडी धरली. कनीज ओट्याच्या पायरीवर उभी होती. गडग्याला या दोन घरांच्या मध्ये एक खिंडार होतं. एकीकडून तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण जायचं, दुसरीकडून घावणे यायचे. गेले काही मंगळवार तिथून काही गेलं नव्हतं. कनीजने खिडकीतल्या कमळाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“उतरवा पटकन,” ती नवऱ्याला म्हणाली. “पाऊस आला की तसंही काय दिसत नाय. कमालचा मुलूख आता फुडच्या वर्षाला.”

वजीरनी पहिला नट फिरवला. पश्चिमेकडे रोखलेल्या सळ्या किंचित खाली झुकल्या.

“वहिनी,” राही हलकेच म्हणाली. पुढचं तिने बोलायचं टाळलं. ते वहिनीनेच सांगायचं होतं.

कमळाने खिडकीचे गज धरले.

“आलं!” ती ओरडली.

काशीरामने मान वर केली. त्याचा चेहरा उजळला.

“आलं? बघा, वजीरभाऊ! मी काय म्हणत होतो? नुसता एक नट ढिला केला, तर आमचं आलं! आता तरी पटलं ना तुम्हाला?”

वजीरचा हात थांबला. त्यांनी खाली काशीरामकडे पाहिलं, मग हातातल्या पान्याकडे, जणू खरंच आपल्या घरात चोरीचं काही येत होतं आणि ते आपल्यालाच कळलं नव्हतं. गल्लीतून जाणारा महिपत सायकलवरून उतरून उभा राहिला.

“काय, सापडलं का?” त्याने मोठ्याने विचारलं. “मी सांगतच होतो. तिकडचं मशीन!”

कनीज पाठ फिरवून दाराकडे वळली.

राहीने वहिनीकडे पाहिलं. कमळाला हे अपेक्षित नव्हतं. खरं तेच सांगितलं होतं तिने, आणि ते खोट्याहून वाईट ठरलं होतं. ती मागे सरली, मधलं दार उघडून पुढच्या खोलीत गेली. पडद्यावरच्या मातीला आता डोळे आले होते. कमळा उभ्यानेच ते बघत राहिली. चिमाने वर पाहिलं.

“आई, तू बघतेस?”

“बघतेय,” कमळा म्हणाली. तिने तो चेहरा पुरता बघितला, बाईने ओला कपडा टाकून झाकेपर्यंत. मग ती परत खिडकीशी आली.

“वजीरभाऊ, तो नट घट्ट करा!”

“काय झालं गो?” काशीराम म्हणाला. “आलं ना?”

“कधीचं आलंय. गेल्या मंगळवारी आलं होतं, त्याच्या आधीही आलं होतं. त्यांच्या अँटेनानं काही नेलं नाही. मीच सांगत नव्हते, आलेलं चित्र पुढं फिरवायला लावत होते.” तिचा आवाज चढला, नाक्यापर्यंत जावा असाच तिने तो चढवला. “महिपत, तूही ऐक रे! आणि कनीज, तुझ्याकडं मी येतेच आहे, दार लावून घेऊ नकोस.”

“अगं, पण सांगत का नव्हतीस?” काशीरामचे हात अजून शिडीवरच होते.

चिमा मागून येऊन आईला चिकटून उभी राहिली होती. कमळाने तिच्याकडे पाहिलं नाही. गजांना तोंड लावून ती मागीलदारावर, गडग्यावर, शिडीवर आवाज टाकत म्हणाली:

“मास्तरांना कळवा. चिमाला मुंबईला पाठवायची. मी हो म्हणतेय!”